रविवार कुणाचा?

मित्रहो, आजची पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन निवांत वाचा. हा निवांतपणा आपल्याला आयता मिळालेला नाही, त्यासाठी कुणीतरी भांडलंय. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. ४८ फ्लॅट, एक गेट, दोन वॉचमन. एक दिवसा, एक रात्री, बारा-बारा तास. मागच्या वार्षिक सभेत सगळे विषय संपल्यावर दिवसपाळीच्या काकांचा अर्ज वाचला गेला. वहीच्या फाडलेल्या पानावर चार ओळी. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, जमल्यास रविवार, ही विनंती.

सभेत थोडा हशा झाला. एकजण म्हणाले, "रविवारीच तर पाहुण्यांची वर्दळ असते." दुसरे म्हणाले, "सुट्टी घेऊन करणार काय? दारू पिऊन पडणार." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताळेबंदाचा कागद चाळला आणि म्हणालो, "बजेटमध्ये बसत नाही." विषय दोन मिनिटांत संपला. मग वडापाव आले.

रात्री जेवताना बायकोला हे सांगितलं. ती पोळी वाढता वाढता एवढंच म्हणाली, "तुमच्या बाबांनाही कुणीतरी हेच विचारलं असेल ना? सुट्टी घेऊन करणार काय?"

माझे बाबा गिरणीत साचे चालवायचे. लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही वाढलो. बायकोचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मग कपाटातली गिरणगावावरची पुस्तकं काढली आणि पुढचे काही रविवार त्यातच गेले. त्यातून जे हाताला लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

दरवर्षी १० जूनला आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक फॉरवर्ड येतो. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाली म्हणून. त्यात तथ्य आहे, पण फॉरवर्डमध्ये गोष्ट अर्धीच येते. वाचणाऱ्याला वाटतं, १८९० पूर्वी देशात रविवारची सुट्टी कुणालाच नव्हती. तसं नाही. सरकारी कचेऱ्या, कोर्टं, इंग्रजांच्या पेढ्या त्याआधीपासून रविवारी बंद असत. साहेब चर्चला जाई, म्हणून त्याच्या हाताखालचा कारकूनही घरी बसे. सुट्टी होतीच. ती गिरणीच्या दरवाजाच्या आत येत नव्हती, एवढंच.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. कंपनी १८५४ ची, ताडदेवची गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. कामाचे तास सूर्यावर ठरत. उजाडलं की गिरणी चालू, अंधारलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठं. गावी शेतात राबणाऱ्यालाही सूर्यच मालक असतो म्हणा. पण शेतात माणूस बांधावर बसून भाकरी खातो, पेरणी झाली की थोडा सैल होतो, जत्रेला जातो. यंत्राला जत्रा नाही. आणि गिरणी ज्या दिवशी बंद असे त्या दिवशीही यंत्रं पुसायला, साफ करायला सकाळी माणसांना बोलवत. सुट्टीचा अर्धा दिवस तिथेच जाई.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या, असं होतं. पुन्हा वाचा. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, आणि ही सुधारणा होती! मोठ्या माणसांबद्दल, बायांबद्दल त्या कायद्यात तासांची मर्यादा नव्हतीच.

इथे लोखंडे येतात. जन्म १८४८ चा, आपल्या ठाण्याचा. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी, पुढे गिरणीत भांडारपाल. म्हणजे गिरणी त्यांनी आतून बघितली होती. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेलं 'दीनबंधू' हे पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईतून चालवलं. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी नाही, नोंदणीचं पुस्तक नाही. पण त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं.

काय मागितलं होतं त्यात? आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

पाच मागण्यांपैकी पहिल्या तीन वेळेच्या आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पगारवाढ त्यात नाहीच. आहे तो पगार वेळेवर द्या, एवढंच म्हटलंय. अर्धपोटी माणसं एकत्र येऊन सर्वांत आधी काय मागतात? श्वास घ्यायला वेळ मागतात.

मालकांचं उत्तर काय होतं? कामगार तसाही सणासुदीला गावी जातो, वाटेल तेव्हा खाडा करतो, त्याला आणखी सुट्टी कशाला? "खाडा" हा आमच्या घरातला शब्द. कॅलेंडरवर आई बाबांचे खाडे लिहायची. मालकाच्या हिशोबात कामगाराची गैरहजेरी म्हणजे खाडा. पण हक्काचा दिवस नसला की माणूस खाडाच करणार. दमलेलं शरीर कुठूनतरी आपला रविवार काढून घेतंच. लोखंड्यांची लढाई या दोन शब्दांमधली होती असं मला वाटतं. खाड्याची सुट्टी करायची होती. चोरून घेतलेला दिवस मान वर करून घ्यायचा होता.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. जवळजवळ दहा हजार कामगार जमले होते. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. १८९० साल हं. बाईने चारचौघांत बोलणं हाच गुन्हा असण्याचा काळ, आणि गिरणीतल्या दोन बाया दहा हजार माणसांसमोर उभ्या राहून रविवार मागतात. त्यांची नावं आपल्या तोंडी नाहीत, ही आपली लाज.

१० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगने गेले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्यांना लागण झाली. पन्नाशीही गाठली नाही.

इथे फॉरवर्ड संपतो. खरी गोष्ट पुढे चालू राहते, कारण एकदा मिळालेली सवड टिकतेच असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. वाचताना वाटतं, चला, प्रगती झाली. झालं उलटं. आतापर्यंत सूर्य मावळला की मालकाचा नाइलाज व्हायचा, तो आता संपला. काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. नवीन यंत्र आलं की माणसाचा वेळ वाचेल असं आपण धरून चालतो. वेळ वाचतोच. तो कुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न असतो. खिशातल्या मोबाइलवर रात्री दहा वाजता ऑफिसचा मेसेज येतो तेव्हा मला ते विजेचे दिवे आठवतात.

मग पुन्हा ओढाताण. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांनाही दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले. १९३४ मध्ये ५४. १९४६ मध्ये ४८. हे शेवटचं बिल मांडणारे मजूरमंत्री कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते ४६ त्यांच्याकडे मजूर खातं होतं. हा माणूस परळच्या बीआयटी चाळीत कितीतरी वर्षं राहिलेला. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी वस्ती त्यांनी शेजारी म्हणून बघितली होती.

१९४५ च्या एका पुस्तकात, गांधीवादावर टीका करताना, बाबासाहेबांनी सवडीबद्दल फार नेमकं लिहिलंय. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत असा. पोटासाठी राबण्यातच सगळं आयुष्य गेलं तर माणसात आणि जनावरात फरक राहत नाही. मन घडवायला सवड लागते. आजवर काही थोड्यांना सवड मिळाली कारण बाकीचे त्यांच्यासाठी राबले. यंत्राने हे बदलू शकतं, सगळ्यांना सवड मिळू शकते. म्हणून यंत्राला शिव्या देऊ नका, समाजाची रचना अशी करा की यंत्राचा फायदा सगळ्यांना होईल.

या मांडणीत सवड म्हणजे चैन नाही. ती माणूस होण्याची पूर्वअट आहे.

आता सभेतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. सुट्टी घेऊन करणार काय?

गिरणगावाने काय केलं ते बघा. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या, फुकट वाचनालयं उघडली, पेट्यांत पुस्तकं भरून ती चाळीचाळींत फिरवली. दिवसभर सुताच्या धुळीत खोकणारा माणूस रात्री पाटीवर अक्षरं गिरवायचा. परळला लीगचं दामोदर नाट्यगृह उभं राहिलं, तिथे कामगारांची नाटकं झाली, कोकणातलं नमन झालं, शक्ती-तुऱ्याचे सामने रंगले. चाळीचाळींत भजनी मंडळं होती, तळमजल्यावर व्यायामशाळा, मोकळ्या जागेत कबड्डी. पुढे सरकारी कामगार कल्याण केंद्रं आली, त्यांच्या नाट्यस्पर्धा आल्या. मराठी रंगभूमीला किती नट तिथून मिळाले हे जुन्या नाटकवाल्यांना विचारा.

अण्णा भाऊ साठे गिरणीत राबलेले. शाळेचं तोंड फारसं न बघितलेला हा माणूस १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं करतो, पुढे 'फकिरा' लिहितो. नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून वाढवणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार, त्यांची आई काशीबाई गिरणी कामगार. त्या घरातून कवी आला. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव मैदानात उतरलं तेव्हा शाहिरांचे फड, चाळ कमिट्या, वाचनालयाच्या पायऱ्या, सगळं आधीपासून तयार होतं. ते कामाच्या तासांत तयार झालं नव्हतं. आज आपण ज्या राज्यात राहतो ते उभं राहण्यात गिरणगावाच्या संध्याकाळींचा वाटा आहे.

पण थांबा. इथे एक सापळा आहे आणि त्यात मीही पडत होतो. वरची यादी वाचून आपण म्हणू, बघा, कामगारांनी सुट्टीचं सोनं केलं, म्हणून सुट्टी द्यायला हवी. नाही. काही जण दारूही प्यायचे. गुत्ते होते, जुगार होता, सोरट होतं. माझे बाबा आठवड्याआड पत्ते कुटायचे आणि आई चिडायची. ज्याने रविवारी कविता लिहिली त्याला सुट्टी, आणि ज्याने घोरत दिवस काढला त्याला नाही, असा हिशोब १८८४ च्या त्या अर्जात नाही. सुट्टीचा अर्थ काय लावायचा हे सुट्टी मिळालेल्याने ठरवायचं. आधी दिवस हातात येतो, मग त्यात अर्थ भरतो. कधी एका पिढीत भरतो, कधी दोन पिढ्या लागतात.

बाबांचा रविवार सांगतो. शनिवारी रात्री गावच्या मंडळाच्या खोलीवर भजन. आमचं गाव कणकवलीकडचं, डबलबारी म्हणजे जीव की प्राण. बाबा झांज धरायचे. आवाज बेताचा, पण ताल पक्का. साच्यांच्या खडखडाटात आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाचा ताल पक्का का होता, हे मला खूप उशिरा कळलं. पहाटे घरी येऊन झोपायचे. मग दुपारी मला भारतमाता टॉकीजजवळ फिरायला न्यायचे, कधी सिनेमा, बहुतेकदा नुसती पोस्टरं. चणे घेऊन द्यायचे. आठवड्यातून तेवढेच दोन तास माझे बाबा माझे असायचे. सहा दिवस ते पाळीचे असायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. पाळी बदलली की घर बदलायचं. आम्ही दबक्या आवाजात बोलायचो, कारण बाबा झोपलेत.

आणि आईचा रविवार? तेव्हा मी कधी विचार केला नव्हता. रविवारी मटण, म्हणून वाटण जास्त. रविवारी सगळ्यांचे कपडे. आठवडाभराचं दळण निवडायचं. महालक्ष्मीला भाषण करणाऱ्या त्या दोन बायांनीही रविवारी चूल पेटवलीच असणार. गिरणीने रविवार दिला, घराने दिला नाही. आईची सवड म्हणजे दुपारी तीन ते चार, गॅलरीत शेजारणींबरोबर तांदूळ निवडत मारलेल्या गप्पा. त्यातही हात चालू. एकशे पस्तीस वर्षांत जी सुट्टी मंजूर झाली नाही अशी ही एक सुट्टी आहे, आणि तिच्यासाठी मोर्चा काढायला मंत्रालयावर जायची गरज नाही. आपापल्या स्वयंपाकघरापर्यंत गेलं तरी पुरे. हे लिहिताना मला ती पोळी वाढणारी बायको आठवतेय, म्हणून पुढचं वाक्य सोडून देतो.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पहिले काही दिवस मला आनंद झाला, कारण रोजच रविवार. बाबा घरी! पण बाबा मला भारतमाताला नेईनात. गॅलरीत बसून राहायचे. भोंगा वाजायचा थांबला होता, तरी पहाटे उठून बसायचे. काही महिन्यांनी भजनाला जाणंही बंद केलं. म्हणायचे, "रिकाम्या हातान झांज वाजणा नाय."

हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्या गेल्या, आणि त्यांच्यामागून गिरणगाव गेलं. बाबांनी पुढे एका दुकानात नोकरी धरली. काम नसणं आणि सवड असणं या दोन गोष्टींतला फरक मी तेव्हा घरात बघितला. काम असलेल्या माणसाचा रविवार हा रविवार असतो. बेकाराला सातही वार सोमवार. त्यामुळे कुणी म्हणालं, गरिबांना कसली सवडीची चिंता, त्यांना काम द्या, तर मी म्हणतो दोन्ही द्या. त्या १८८४ च्या कागदातही दोन्ही होतं. काम हवंच होतं. त्याला एक काठ हवा होता.

आज त्या जागी मॉल आहेत, टॉवर आहेत. जाता जाता बघतो, रविवारी तिथे प्रचंड गर्दी असते. सुट्टी घालवायला माणसं येतात. आणि त्यांची सुट्टी नीट जावी म्हणून काउंटरच्या मागे, पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, सायकलवरून-स्कूटरवरून डबे पोचवणारी हजारो माणसं त्याच दिवशी सर्वांत जास्त राबत असतात. २०१७ च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या असंही त्यातच लिहिलंय. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे.

दुसरीकडे आपण सुशिक्षित, शनिवार-रविवारवाले. आपल्याला सुट्टी आहे, पण ती कशी घालवावी याचेही आता क्लास निघालेत. पहाटे पाचला उठा, कौशल्य वाढवा, सुट्टी "प्रॉडक्टिव्ह" करा. हा मुकादम तर डोक्यातच येऊन बसलाय. मध्यंतरी आठवड्याला ७० तास काम करा, ९० तास करा असे सल्ले मोठमोठ्या लोकांनी दिले, तेव्हा आपण सगळे चिडलो. मीही चिडून पोस्ट टाकली होती. भरपूर लाइक आले होते.

आता माझं गणित ऐका. आमचे वॉचमन काका. रोज बारा तास, आठवड्याचे सात दिवस. किती झाले? ८४. मी ज्या ९० तासांवर चिडलो होतो त्याच्या जवळपास माणूस माझ्याच गेटवर उभा होता, आणि त्याचा पगाराचा चेक मी सही करत होतो. १९२२ च्या कायद्यात ६० तास. १९११ च्या कायद्यात दिवसाला बारा, म्हणजे सहा दिवसांचे ७२. आमच्या डोंबिवलीच्या गेटवर १९११ च्याही मागचं साल चालू होतं. रविवारच्या हिशोबाने तर १८९० सुद्धा उजाडलं नव्हतं. एका वॉचमनला गावी जायचं असेल तर दुसरा चोवीस तास उभा राहायचा, हे मला माहीत होतं. "त्यांचं ते आपसात बघतात" असं आम्ही म्हणायचो.

एका संध्याकाळी गेटवर थांबून काकांना विचारलं, अर्ज का दिला होता? ते संकोचले. मूळचे जालन्याकडचे, वारकरी घरातले. म्हणाले, "पखवाज वाजवायचो गावाकडं. इथं पलीकडच्या वस्तीत रविवारी भजन असतं, साहेब. ऐकू येतं गेटपर्यंत. वाटलं, बसावं एखाद्या रविवारी."

मी काही बोललो नाही. बाबांची झांज अजून आमच्या माळ्यावर आहे.

मग खजिनदाराचं काम केलं. हिशोब मांडला. रविवारी दोन्ही पाळ्यांना बदली माणूस, पाळीला ६०० रुपये. महिन्याचे चार रविवार धरले तर ४,८०० रुपये. भागिले ४८ फ्लॅट. घरटी १०० रुपये. पाचवा रविवार आला तर सोसायटीच्या गंगाजळीतून. "बजेटमध्ये बसत नाही" असं मी ज्याला म्हणालो होतो ते हे १०० रुपये. गेल्या महिन्यात विशेष सभा बोलावली. आधी स्वतःची चूक कबूल केली, मग हे तासांचं गणित सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न आला, "पण रविवारी करणार काय ते?" या वेळी उत्तर माझ्याकडे होतं. पखवाजाची गोष्ट सांगितली असती तर सभा लगेच विरघळली असती. सांगितली नाही. एवढंच म्हणालो, "तुम्ही रविवारी काय करता ते आपण कधी विचारत नाही." तीन जण विरोधात होते, बाकीच्यांनी हात वर केले. सहा महिने करून बघू, असं ठरलं. दोघांचा पगार कापायचा नाही, हेही ठरलं.

पहिल्या सुट्टीनंतरच्या सोमवारी सकाळी मी मुद्दाम गेटवर गेलो. मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय काका, गेला होता का भजनाला?"

काका हसले. म्हणाले, "नाही साहेब. झोपलो. सकाळी उठलो, चहा घेतला, परत झोपलो. संध्याकाळी उठलो."

मला आधी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग स्वतःचीच लाज वाटली. किती वर्षांची झोप साठली होती ती. पखवाज नंतर. वाजवला तर वाजवला, नाही तर नाही. दिवस त्यांचा आहे.

तर मित्रहो, एवढंच सांगायचं होतं. पुढच्या १० जूनला तो फॉरवर्ड येईल, लोखंड्यांचा फोटो येईल, आपण सगळे हात जोडलेली चिन्हं टाकू. टाकूया जरूर. पण त्याआधी आपल्या गेटवर, आपल्या दुकानात, आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या बाबतीत एक साधा हिशोब करून बघा. आठवड्याचे तास किती? सुट्टी कुठल्या दिवशी? ती द्यायला घरटी किती रुपये लागतील? बहुतेक ठिकाणी आकडा फार छोटा निघेल. आमचा शंभर निघाला.

चहा गार झाला असेल तर दुसरा करून घ्या. आणि शक्यतो स्वतःच करा. घरात ज्या कुणी रोज करतात त्यांनाही आज रविवार आहे.